मुंगळ्यांचं लग्न बघायला गेलो होतो

"मुंगळे बघूक इलंस? पुण्यात मुंगळे नाय?"

रात्रभर बसमध्ये अंग आंबवून, आंबोलीचा घाट उतरून कुडाळजवळच्या आमच्या गावी पोचलो आणि खळ्यात पाय ठेवल्या ठेवल्या आतोबांनी हा प्रश्न टाकला. पुण्यात मुंगळे आहेत, भरपूर आहेत. पण गेल्या पावसाळ्यात एका सकाळी गॅलरीत झाडू मारताना केरसुणीत नुसते पंखच पंख आले. पारदर्शक, तपकिरी शिरांचे. म्हणजे आदल्या संध्याकाळी आमच्या सोसायटीत मुंगळ्यांचं लग्न लागलं होतं आणि मी आत बसून ऑफिसचे मेल लिहीत होतो. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वर्षी मिरगाला आत्येकडे जायचं. तिच्या फणसाच्या बुंध्याशी मुंगळ्यांची जुनी वसाहत आहे. लहानपणी तिथे पाय भाजल्यासारखे चावे खाल्लेत, त्यामुळे पत्ता पक्का.

मृग नक्षत्र ७ जूनला लागलं. मिरगाचा कोंबडा झाला, वडे झाले, पाऊस मात्र नाही. मी रोज संध्याकाळी फणसाखाली खुर्ची टाकून बसायचो. शेजारचे येता-जाता "काय हालहवाल?" असं मुंगळ्यांची चौकशी केल्यासारखं विचारून जात.

वाट बघण्याला कारण होतं. पंखवाल्या माद्या आणि नर वारुळात आधीच तयार होऊन बसलेले असतात. अडलेलं असतं ते बाहेरच्या हवेपायी. जमीन मऊ हवी, हवेत दमटपणा हवा आणि वारा पडलेला हवा. ब्रिटनमध्ये लोकांनी कळवलेल्या हजारो नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की तिथल्या मुंग्या १३ अंशांपेक्षा जास्त तापमान आणि सेकंदाला ६.३ मीटरपेक्षा कमी वारा असेल तरच उडतात. शिवाय 'उडत्या मुंग्यांचा दिवस' म्हणून तिथे जो एकच दिवस मानतात, तसा एक दिवस नसतोच. कोकणात तापमानाची चिंता नाही, इथे घोडं पावसावर अडतं. एका जातीची आसपासची सगळी वारुळं एकाच सुमाराला दार उघडतात, म्हणून या घरची मुलगी त्या घरच्या मुलाला भेटते.

चौथ्या रात्री पाऊस आला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पडवीतल्या बल्बभोवती पंखांचा धुरळा उडाला आणि मी कॅमेरा घेऊन धावलो. आत्येने शांतपणे घरातले दिवे मालवले आणि एका बल्बखाली पाण्याची परात ठेवली. "वाळवी ती," ती म्हणाली. लाजच वाटली. इतकं वाचून आलेला माणूस मी. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर नाहीच, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान, कंबर चिमटलेली आणि मिशा कोपरात दुमडलेल्या. वाळवीत नवरा-बायको दोघंही उतरतात आणि राजा राणीबरोबर जन्मभर संसार करतो. मुंग्यांमध्ये नराची कथा दोन-चार दिवसांत संपते.

त्याच बल्बवर एक वेगळाच पाहुणा आदळत होता. तांबूस, केसाळ, बोटाच्या पेराएवढा, लांबट जाड पोटाचा. आतोबा म्हणाले गांधील. ती गांधील नव्हती, डोरायलस नावाच्या भूमिगत मुंग्यांचा नर होता तो. यांच्या राणीला पंख नसतात, डोळेही नसतात, ती जमिनीखालून कधी उडायला येतच नाही. उडायचं काम एकट्या नवरदेवाचं. बिचारा परातीत पडला.

सकाळी गडग्यालगत, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणालगत, एक बीळ सापडलं. त्याच्या तोंडाशी पिसं आणि मेलेल्या मुंग्यांचे तुकडे नीट रचून ठेवलेले. ही डायाकामा नावाची मुंगी. कोरड्या दिवसांत त्या पिसांवर दव साठतं आणि मुंग्या ते पितात. मी राणी शोधायला आलो आणि समोर निघाली ती राणीच नसलेली मुंगी! या जातीत प्रत्येक कामकरी मुंगी पंखांच्या जागी दोन इवले कोंब घेऊन जन्मते. वसाहतीत जिचा वरचष्मा ती बाकीच्यांचे कोंब चावून तोडते, आपले राखते आणि परगावचा नर आला की तिचंच लग्न लागतं. आत्येला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे मोठी जाऊ."

त्याच दिवशी दुपारी सर आली, चारला थांबली. वारा ठार पडला. साडेपाचच्या सुमाराला फणसाखालच्या भोकातून मुंगळे बाहेर येऊ लागले, पण नेहमीच्या रांगेत नाही. नुसते सैरभैर, इकडून तिकडे, मांडवात वऱ्हाड आलं की घरची माणसं धावतात तसे. मग नर दिसले. काळे, किरकोळ, डोकं एवढंसं, पंख अंगापेक्षा लांब. आणि मग एक मादी बाहेर आली. कामकरी मुंगळ्याच्या शेजारी ती म्हणजे एसटीशेजारी मालट्रक. छाती फुगलेली, कारण उडायचे सगळे स्नायू तिथेच. ती थोडी वर चढली तर कामकऱ्यांनी तिला पायाला धरून मागे ओढलं. पुन्हा आली, पुन्हा ओढली. असं तीन वेळा मोजलं मी. वेळ झाली नसावी.

सूर्य माडांमागे गेला आणि कुणी खूण केल्यासारख्या त्या निघाल्या. गवताच्या पात्यावर, फणसाच्या सालीवर, माझ्या खुर्चीच्या हातावर चढून, जिथे उंची मिळेल तिथून. एकेक जड विमान उठावं तशी मादी उठायची, जरा खाली झुकायची आणि मग सरळ वर. खालचा भाग अंधारला होता पण वर अजून उजेड होता, त्यात ठिपके ठिपके दिसत होते. तारेवरचा कोतवाल पक्षी हे जाणून होता. तो झेप घ्यायचा, परत तारेवर, पुन्हा झेप. उजेड पुरता गेल्यावर त्याची पाळी संपली आणि वटवाघळांची सुरू झाली. किती उडाल्या आणि किती खाल्ल्या गेल्या, हिशेब लागणं शक्य नव्हतं. 'मुंगीला पंख फुटले म्हणजे मरण आलं' असं आजी कुणाच्या तरी वाढलेल्या खर्चाबद्दल म्हणायची. तिथे बसून ते पहिल्यांदा मुंगीबद्दल पटलं.

पण खरं बघण्यासारखं सगळं नंतर खाली होतं, आणि ते मी मागच्या वर्षी कचऱ्यात टाकलं होतं. बॅटरी घेऊन गडग्याच्या कडेने वाकून चालत होतो. चिऱ्यावर एक मादी उतरलेली. ती थांबली. मधला पाय उचलून उजव्या पंखांवरून पुढे घेतला आणि दाबला. काही झालं नाही. अंग तिरकं केलं, मागचा पाय लावला, पंख पुढच्या दिशेला वाकवला आणि तो मुळाशी तुटून बाजूला पडला. तिथे मुळात तुटण्यासाठीच कच्ची शिवण असते. चारही पंख जायला दोन मिनिटंही लागली नाहीत. शेवटचा पंख तिच्या पायाला चिकटला होता, तो तिने झटकला. मग मिशा पुसल्या आणि निघाली, चिऱ्याच्या फटी तपासत. सकाळी केरसुणीत येतात ते हेच पंख.

इथून पुढे तिला ना नर लागणार, ना उडणं. आजचं बीज शरीरातल्या पिशवीत साठवून ती आयुष्यभर पुरवणार. किती आयुष्य? युरोपातल्या लॅसियस नायजर जातीची एक राणी प्रयोगशाळेत २८ वर्षांहून जास्त जगली. बीज लावलेल्या अंड्यांतून मुली, न लावलेल्यांतून मुलगे. पहिल्या पिल्लांना भरवायला ती बाहेर पडत नाही, उपयोग संपलेले उडायचे स्नायूच विरघळवते आणि त्यावर त्यांना वाढवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काजूच्या पानाखाली हुमल्यांची, म्हणजे झाडावर पानं जोडून घरटं करणाऱ्या मुंग्यांची, राणीही सापडली. तांबडे हुमले बघायची सवय, पण त्यांची राणी चक्क हिरवट. फोटो काढला आणि पान सोडून दिलं, कारण वरच्या फांदीवरचे हुमले एव्हाना माझ्या कॉलरपर्यंत पोचले होते.

मुंगळ्याची एक पंख टाकलेली राणी मात्र मी काचनळीत घेऊन निघालो. नळीच्या तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, तोंडाला दुसरा बोळा. आत्येने एकच सूचना केली, साखरेच्या डब्यापासून लांब ठेव.

पुण्यात ती कपाटाच्या खणात अंधारात राहिली. आठवड्याने बघितलं तर अंड्यांचा पांढरा पुंजका तोंडात धरून बसली होती, उजेड पडताच तो घेऊन कोपऱ्यात सरकली. जुलैच्या शेवटी पहिली कामकरी निघाली. फिकट, अशक्त, मुंगळा म्हणायला लाज वाटावी इतकी लहान. आत्येला फोन करून सांगितलं, मुलगी झाली.

"आता चतुर्थीक येशीत तेव्हा घेवन ये तिका," आत्ये म्हणाली. "हयलीच ती."

गणपतीच्या सामानात यंदा एक नळी जास्त आहे. मोजल्या तेव्हा सहा मुली होत्या.