जाळ मोठा होता, पण भात कधीचा होता?

मागच्या शनिवारी स्वयंपाकाचा कंटाळा आला म्हणून कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवरून शेजवान राइस आणला. नऊला खाल्ला आणि साडेबाराला मी बाथरूममध्ये उकिडवा, पोटात काही उरलं नाही तरी उमासे थांबेनात. सकाळी डॉक्टरांनी काय खाल्लं याच्या आधी किती वाजता खाल्लं ते विचारलं, आणि साडेतीन तासांत उलट्या म्हणल्यावर म्हणाले, भातानं केलं असणार. मी म्हणलं अहो समोर फूटभर जाळावर परतून दिला, त्यात काय जिवंत राहणार? तर म्हणे, जंतू मेले असतील हो, त्यांनी आधीच करून ठेवलेलं विष कुठं जातंय.

टेस्ट वगैरे काही केली नाही त्यामुळे छातीठोकपणे नाही सांगत, पण नंतर वाचत बसलो तर सगळं जुळत गेलं. बॅसिलस सिरियस नावाचा बॅक्टेरिया मातीतला, त्यामुळे कच्च्या तांदळावर असतोच, आणि त्याचे स्पोअर्स म्हणजे कवचातली बीजं समजा, ती भात शिजला तरी मरत नाहीत. मग तो भात बाहेर कोमट पडून राहिला की ती जागी होतात, वाढतात आणि सेर्युलाइड नावाचं विष सोडतात, जे 121 अंशाला दीड तास ठेवलं तरी टिकतं. आपला कुकर शिट्टी मारतो तेव्हा आत साधारण तेवढंच तापमान असतं! म्हणजे गाडीवाल्यानं कितीही कढई उडवली तरी उपयोग शून्य. 1971 मध्ये ब्रिटनमध्ये हा प्रकार पहिल्यांदा लक्षात आला तोही चायनीज हॉटेलांतल्या फ्राइड राइसमुळेच. तिथंही भात आधी शिजवून बाहेरच ठेवायचे, कारण फ्रिजमध्ये ठेवला की गोळा होतो, सुटा परतता येत नाही.

आमच्या गाडीवर काय वेगळं? बुधवारी चारला मुद्दाम चक्कर मारली तर निळ्या प्लॅस्टिकच्या टबात भात पसरलेला, वर ओलं फडकं, आणि गिऱ्हाईक येणार आठनंतर.

हे आईला सांगितलं तर ती उलट माझ्यावरच, की रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवून सकाळी फोडणीचा करते, तीस वर्षं खातोयस, कधी झालं का काही? आता काय बोलणार. ब्रुसेल्समध्ये 2008 साली एक वीस वर्षांचा मुलगा पाच दिवस बाहेर राहिलेलं स्पॅगेटी गरम करून खाऊन दगावला, हे सांगितलं तर म्हणाली, पाच दिवस कोण ठेवतं रे.

फ्रीजरमधल्या मोमोच्या पाकिटाकडेही आता वेगळ्या नजरेनं बघतो. परवा आणलेल्या पाकिटात मोमो एकमेकांना चिकटून गोळा झालेले, वर बर्फाचे खडे, म्हणजे वाटेत कुठंतरी वितळून परत गोठलेत. हाताच्या त्वचेवर असतो त्या स्टॅफिलोकोकस नावाच्या बॅक्टेरियाचंही असंच, तो वाफेनं मरतो, त्याचं विष नाही मरत. पंचवीस मोमो होते, जीव तुटला टाकताना.

आईनं काल रात्री उरलेला भात ताटात पसरून गार केला आणि डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवला, एक शब्द न बोलता. सकाळी फोडणी मात्र नेहमीचीच, शेंगदाणे जास्त.