पाचव्या गाडीखाली

मोटार विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे दाव्याच्या गाडीचं नुकसान तपासणारा माणूस, म्हणून एकवीस वर्षं काढली की सणवार दाव्यांवरून ओळखता येतात. होळीला काचा, दहीहंडीला दुचाक्या आणि गटारीला दुभाजक. त्यामुळे गटारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विमा कंपनीतल्या मॅडमचा फोन आला तेव्हा कुणीतरी कुठंतरी ठोकली असणार, असंच धरून मी वही ओढली. पण ठोकाठोकी नव्हती. एकाच मालकाचे चार छोटे सीएनजी पिकअप, चारही शिवडीजवळ फ्रीवेखाली रात्री उभे, आणि चारही गाड्यांचे सायलेन्सर पहाटे गायब.

"बघून या तेवढं," त्या म्हणाल्या. "चारही एकाच रात्री, एकाच माणसाचे. मला जरा जास्तच जुळून आल्यासारखं वाटतंय."

तशी माझी गरज नव्हती. पन्नास हजारांच्या आतल्या मोटार दाव्याला परवानाधारक सर्व्हेअर लागतोच असा नियम नाही, आणि प्रत्येक गाडीची पॉलिसी वेगळी, म्हणजे दावेही चार छोटे-छोटे. मला पाठवलं ते शंका आली म्हणून. मीही शंका घेऊनच निघालो, हे कबूल करतो.

पाऊस रपरप चालूच होता. कॉटन ग्रीन स्टेशनवरून चालत गेलो. फ्रीवेच्या खांबांमधल्या जागेत ट्रक, टँकर, टेम्पो दाटीनं लावलेले. खाली चिखलात रात्रीची साक्ष पडलेली होती. बाटल्या, बिर्याणीची खोकी, कोंबडीची हाडं आणि त्यावर गुरगुरणारी दोन कुत्री. मालक एका गाडीच्या फाळक्याला टेकून उभे होते. साठीचे, पांढरा पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. सगळे त्यांना आप्पा म्हणत होते, मीही म्हणू लागलो. ओतूरकडचे. सोळाव्या वर्षी भायखळ्याच्या भाजीबाजारात हमालीला आले आणि आता पाच पिकअपचे मालक. रात्री अडीचला गाड्या वाशीच्या मार्केटला जातात, उजाडायच्या आत दादर-परळला माल उतरवतात.

"अडीचला पहिली गाडी चालू केली साहेब, तर ट्रॅक्टर! पोरगा घाबरून खाली उतरला. दुसरी केली, तीच गत. आजपासून श्रावण. वर्षातला भाजीचा खरा धंदा आता, आणि चार गाड्या बसल्या."

वॉचमन चाचा बाजूला छत्री धरून उभा होता. मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "साब, बारिश में कुछ सुनाई नहीं दिया." नसेलही दिलं. पण तोंडाला वास होता आणि काल गटारी होती. चोरानं रात्र निवडली होती ती पंचांग बघूनच.

सायलेन्सर कशाला चोरतात, असं घरी सांगितल्यावर अजून लोक विचारतात. चोराला सायलेन्सर नको असतो, त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हवा असतो. धूर स्वच्छ करणारा डबा. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, रोडियम यांचा थर. एका डब्यात मोजकेच ग्रॅम, पण २०२१च्या मार्चमध्ये रोडियम औंसाला २९ हजार डॉलरच्या वर गेलं होतं, सोन्याच्या पंधरा पटींहून जास्त. नंतर भाव उतरले, तरी चोरांना लागलेली चव उतरली नाही. डबा फोडून आतला भुगा विकतात. या धंद्यात त्याला 'माती' म्हणतात. आणि पिकअप का? तर त्या उंच असतात. कारखाली शिरायला जॅक लागतो, पिकअपखाली माणूस नुसता सरपटत जातो.

मीही सरपटत गेलो. पावसाळ्यात माझ्या पिशवीत प्लॅस्टिकचं बारदान असतं, ते अंथरून पाठीवर झोपायचं. आमच्या कामात अर्धं उत्तर एका प्रश्नात असतं: कापलंय की खोललंय? घाईतला चोर दोन्ही बाजूंनी कापतो. कारागीर खोलतो. इथं दोन्ही होतं. इंजिनाकडच्या फ्लेंजचे, म्हणजे पाईप जोडायच्या चकतीचे, नट बरोबर मापाचा सॉकेट लावून काढलेले, नटाच्या कडा शाबूत आणि भोवती गंज सोडवणाऱ्या तेलाचे ताजे ओघळ. मागचा पाईप बॅटरीवरच्या कटरनं एका रेषेत कापलेला, कड चकचकीत. ऑक्सिजन सेन्सरची वायर ओढून तोडलेली नव्हती, पकडीनं छाटली होती. चारही गाड्यांखाली हाच हात. गाडीमागं पाचेक मिनिटं लागली असतील.

इथं माझी मालकावरची शंका गेली. स्वतःच्या गाडीचा सायलेन्सर लपवून दावा करणारा माणूस सेन्सर आधी काढून ठेवतो. तो महाग असतो आणि परत बसवायचा असतो. वायर छाटून स्वतःचाच खर्च तो वाढवत नाही. शिवाय श्रावणाच्या तोंडावर चार गाड्या बसवणारा भाजीवाला मी अजून पाहिलेला नाही.

एका गाडीची स्टेपनीही गेली होती, साखळीसकट. ते आप्पांना सांगणं जड गेलं. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत टायर, ट्यूब, दिवे, मडगार्ड, बंपर हे गाडी पूर्ण गेल्याशिवाय धरतच नाहीत. ते हवे असतील तर आयएमटी २३ नावाचं कलम जादा पैसे भरून घ्यावं लागतं. एजंट हप्ता कमी दाखवायला ते गाळतो, आणि मालकाला ते स्टेपनी गेल्यावर कळतं. सायलेन्सर या यादीत नाही, म्हणून तो मिळणार, घसारा वजा करून. गाड्या तीन वर्षं उलटलेल्या, म्हणजे लोखंडी भागावर पंचवीस टक्के गेले.

"मी हप्ता पूर्ण भरला होता," आप्पा म्हणाले.

"तुम्ही भरला. पण कशाचा, ते वाचलं नाही."

असं तोडून बोलायला नको होतं.

इतक्यात पाचवी गाडी आली. तिचं मी अजून सांगितलंच नाही. पहाटे पाचपैकी हीच एक धड चालू झाली होती. एकट्या तिनं वाशीच्या दोन खेपा मारल्या आणि साडेअकराला परत आली. आप्पांनी तिच्या बॉनेटवर हात ठेवून तो कपाळाला लावला. "ही एक लक्ष्मी वाचली बघा."

माझ्या डोक्यात मात्र तिथंच खुटखुटायला लागलं. ती चारांच्या मधोमध उभी होती. डावीकडच्या दोन गेल्या, उजवीकडच्या दोन गेल्या. वीस मिनिटं निवांत काम करणाऱ्या माणसानं हीच का सोडली? चाहूल लागून पळाला म्हणावं तर एका गाडीची स्टेपनीही काढायला त्याला वेळ होता.

गाडी नुकतीच चाळीसेक किलोमीटर धावून आली होती. तापलेल्या कन्व्हर्टरजवळ हात न्यायचा नसतो, म्हणून चहा पीत थांबलो. ड्रायव्हर खेडकडचा पोरगा, पंचविशीचा. त्याच्याशी बोलता बोलता केबिनमध्ये डोकावलो. मीटरच्या काचेवर एका कोपऱ्यात काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवलेला.

"हे काय रे?"

"काय नाय साहेब. इंजिनाचा पिवळा दिवा असतो ना, तो रात्रीचा डोळ्यावर येतो."

"कधीपासून लागतो?"

"होळीपासून. क्लच प्लेटला टाकली होती, तेव्हापासून. मिस्त्री बोलला, सेन्सर आहे, चालतंय, लक्ष देऊ नको."

पुन्हा बारदानावर झोपलो. सायलेन्सर जागच्या जागी, बोल्ट जागच्या जागी. मी बारा-तेराचा पाना घेऊन डब्यावर टकटक केलं. बाजारात नारळ वाजवून घेतात ना, तसं. भरलेला कन्व्हर्टर बद्द वाजतो. हा रिकाम्या तेलाच्या डब्यासारखा खणखणला. बॅटरीच्या उजेडात नीट बघितलं तर डब्याच्या कडेनं फिरलेली वेल्डिंगची रेघ, आणि तिच्यावर चंदेरी रंग फासलेला. कुणीतरी डबा कापून माती काढून घेतली होती आणि परत शिवून जागेवर लावला होता. गाडी चार महिने तशीच धावत होती. पीयूसी वर्षाचं असतं आणि तिचं होळीच्या आधी काढलेलं, म्हणून तिथंही कुणाला कळायचं कारण नव्हतं.

म्हणजे रात्रीच्या चोरानंही पाना वाजवून बघितला असणार आणि पुढं गेला असणार. किंवा त्याला वाजवायचीही गरज पडली नसेल. ही दुसरी शक्यता मी आप्पांना बोललो नाही, पंचनाम्याला आलेल्या हवालदारांना बोललो. त्यांनी मान डोलावली आणि गॅरेजचं नाव लिहून घेतलं. पुढं काय झालं ते त्यांचं काम. गॅरेज कुठलं, ते इथं सांगायचा मला अधिकार नाही.

आप्पांना गाडीखाली वाकवून आवाज ऐकवला. आधी हिचा, मग शेजारच्या एका ओळखीच्या टेम्पोचा. दोनदा ऐकल्यावर ते चिखलातच बसले. बराच वेळ बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "साहेब, पाचही लिहा ना. माझी ही पण चोरीच झालीय. खोटं काय आहे त्यात?"

खोटं काहीच नव्हतं, तीच तर अडचण. लबाड माणसाला नाही म्हणायला मला काही वाटत नाही, रोजचंच आहे. पण हा माणूस खरोखर लुबाडला गेला होता आणि मला त्याला सांगायचं होतं की तुझी चोरी आमच्या कागदात बसत नाही. काल रात्री या गाडीतून काही गेलेलं नाही. जे गेलं ते विश्वासानं गाडी सोपवली तिथं गेलं. तारीख नाही, तेव्हाची तक्रार नाही, बिलसुद्धा नाही, कारण क्लच प्लेटचे पैसे रोख दिले होते. गॅरेजवर विश्वासघाताची वेगळी तक्रार द्या, असं सांगितलं. भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे, विश्वासघाताचं ३१६. दोन्ही एकाच अर्जात कोंबू नका. मी चारच लिहिले. पाचव्या गाडीबद्दल अहवालात काय दिसलं तेवढं एका ओळीत टाकलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

स्टेपनीवरून हवालदारांनी एक गोष्ट सांगितली, ती मलाही कामाची वाटली. नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र धरतात. नुसती जुनी स्टेपनी गेली असती तर एनसीवर, म्हणजे अदखलपात्र नोंदीवर, भागलं असतं. म्हणून तक्रारीत गेलेल्या वस्तू एकत्र, किमतीसकट लिहाव्यात. ऑनलाइन तक्रार केली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ती सही राहून गेलेले किती दावे माझ्याकडं अडकलेत, विचारू नका.

निघताना चारही ड्रायव्हर भोवती जमले. आता काय करायचं? एक म्हणाला, नटच वेल्ड करून टाकतो, काढणार कसा? मी जवळजवळ ओरडलोच. बाबा रे, मागं सीएनजीची टाकी आहे! गाडीखाली वेल्डिंग करायचं तर टाकी आणि बॅटरी सोडवून, जाणत्या माणसाकडूनच. आणि नट जाम केले तर उद्या गॅस्केट बदलायला तूच रडशील. त्यापेक्षा जाड सळीचा पिंजरा करून तो चासीला बोल्टनं बसवायचा, घट्ट केल्यावर डोकं तुटणारे बोल्ट मिळतात ते वापरायचे. डब्याला चिकटवून नाही, बोटभर हवा सोडून, नाहीतर उष्णता कोंडते. कटरला पिंजराही कापता येतो, पण पाच मिनिटांची पंधरा होतात, आणि चोराला तेवढं पुरतं. डब्यावर गाडीचा नंबर ठोकून घ्यायचा. गाड्या लावताना डब्याची बाजू भिंतीकडं किंवा एकमेकींना खेटून, म्हणजे खाली शिरायला जागाच नको. गॅरेजला टाकताना खालून मोबाईलवर फोटो काढायचा, परत घेताना दुसरा.

"आणि ती टेप काढ," मी खेडच्या पोराला म्हणालो. त्यानं मान खाली घातली.

पुढं गणपतीच्या आधी दुसऱ्या एका कामाला तिकडंच गेलो होतो. संध्याकाळची वेळ, आप्पांच्या पाचही गाड्या भिंतीला पाठ लावून उभ्या. खाली लाल ऑक्साइड मारलेले पिंजरे दिसत होते. पाचव्या गाडीचा कन्व्हर्टर त्यांनी खिशातले पैसे घालून नवा बसवला होता. दावे मिळाले का, असं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, दोन मिळाले, दोन अडकलेत.

चाचाची नोकरी टिकली होती. आप्पांनी त्याला काठी टाकायला लावून हातात लोखंडी पाना दिला होता. रात्री बारा आणि दोनला त्यानं पाचही गाड्यांखाली वाकून एकेक टोला द्यायचा आणि बद्द वाजलं की पुढं जायचं. शेजारच्या टँकरवाल्यांची झोपमोड होते म्हणून भांडण चालू होतं. मी निघालो तेव्हाही मिटलं नव्हतं.