तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या पीसीत आय-फाइव्ह टाकावा का?

"घरातला पीसी जुना आहे, पेंटियम आहे, फार स्लो चालतो. त्यात आय-फाइव्ह बसेल का? बसला तर फरक पडेल का, की सरळ नवीनच घेऊ?" लोकांचे कॉम्प्युटर उघडून बसायची मला सवय आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येतोच. फोनवर येतो, भाजी घेताना येतो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूसही विचारतो. घाईघाईत अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहितो.

जुन्या पीसीवर जे काही खर्च करता येतं, त्यात प्रोसेसरचा, म्हणजे पेंटियम किंवा आय-फाइव्ह यांसारख्या मुख्य चिपचा, खर्च मला फार मोलाचा वाटतो. मात्र दुखणं प्रोसेसरचंच हवं, आणि बोर्डावर, म्हणजे मदरबोर्डवर, नवा प्रोसेसर चालायला हवा. हे दोन्ही जुळत असेल तर बोर्डाला झेपेल तेवढा चांगला प्रोसेसर एकदाच घ्या आणि त्या पीसीवरचा खर्च तिथेच थांबवा.

आधी दुखणं शोधू. पीसीवर रोजची कामं उघडा, तो अडखळायला लागला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू (म्हणजेच प्रोसेसर), मेमरी (म्हणजेच रॅम) आणि डिस्क यांचे टक्के दिसतात. डिस्क 100 वर आणि सीपीयू वीस-तीसवर असेल, तर अडचण त्या जुन्या फिरत्या हार्ड डिस्कची आहे. विंडोज 10 अशा डिस्कवर कायम दमलेलंच असतं. तिथे आय-फाइव्ह टाकणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आधी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, घ्या. मेमरी नव्वदीच्या पुढे असेल तर रॅम वाढवा. आणि एसएसडी टाकून, रॅम पुरेशी असूनही सीपीयूचा आकडा शंभराला चिकटून राहत असेल, तरच प्रोसेसरकडे वळा.

मग बोर्ड. आय-फाइव्ह म्हणजे एकच वस्तू असं बरेच जण धरून चालतात. हे नाव इंटेलने 2009 मध्ये आणलं, आणि तेव्हापासून सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसण्याची बोर्डावरची जागा, बदलत गेले: 1156, 1155, 1150, 1151, 1200, 1700. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. 1151 मध्ये तर आकडा तोच असूनही सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या-नवव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून घ्या. त्यात प्रोसेसर, सॉकेट, बोर्डाचं मॉडेल आणि बायॉसची (पीसी सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती सगळं दिसतं. मग बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलला कोणते प्रोसेसर चालतात याची यादी बघा. कोणता प्रोसेसर कोणत्या बायॉसपासून चालतो, हेही त्याच यादीत असतं.

नेमकं कळावं म्हणून एक मशीन सांगतो. आमच्याकडे लग्नपत्रिका आणि पावती पुस्तकं छापणारे एक काका आहेत. 2012 च्या सुमाराला असेंबल करून घेतलेला त्यांचा पीसी: एच61 बोर्ड, पेंटियम जी620, 4 जीबी रॅम. स्वस्तातल्या पीसीचा हा त्या काळातला ठरलेला संच होता, अजून कितीतरी घरांत आणि दुकानांत तो चालू आहे. एसएसडी आधीच टाकलेली होती. पण कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रिका, फोटोशॉपमध्ये नवरा-नवरीचा फोटो आणि मजकूर येतो म्हणून व्हॉट्सॲप वेब, एवढं एकदम उघडलं की जी620 चे दोन्ही कोर, म्हणजे आतली काम करणारी दोन्ही केंद्रं, शंभरावर जात. पीडीएफ करायला दिली की गिऱ्हाईक समोर बसून राही. लग्नसराईत हे परवडत नाही.

एच61 वर इंटेलची दुसरी आणि तिसरी पिढी चालते. दुसऱ्या पिढीतला आय-फाइव्ह 2400 घेतला तर चार कोर, 3.1 गिगाहर्ट्झ, गरज पडली की 3.4 पर्यंत, आणि 6 एमबी कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी. जी620 मध्ये दोन कोर, 2.6 गिगाहर्ट्झ आणि 3 एमबी. तिसऱ्या पिढीतला 3470 थोडा वेगवान आहे आणि वीजही कमी घेतो, 95 ऐवजी 77 वॉट. मग 3470 का नाही? कारण सुरुवातीच्या एच61 बोर्डांना तिसरी पिढी ओळखण्यासाठी बायॉस अपडेट लागतं, आणि ते जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच करावं लागतं. अपडेट चालू असताना वीज गेली की बोर्ड कायमचा झोपू शकतो. आपल्याकडे लोडशेडिंगचं वेळापत्रक लागलं नसलं तरी वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून चांगली बॅटरी असलेल्या यूपीएसशिवाय मी बायॉसला हात लावू देत नाही. यूपीएस नसेल तर निमूटपणे 2400 घ्या, त्याने फार काही बिघडत नाही. काकांकडे यूपीएस नवा होता, बोर्डाच्या साइटवर नवं बायॉसही होतं. आधी अपडेट केलं, पीसी पुन्हा जी620 वरच चालू करून बघितला आणि मग 3470 आणला.

प्रोसेसर सेकंड हँड घ्यायला घाबरू नका. हार्ड डिस्क, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड या वस्तू मी सेकंड हँड सहसा घेऊ देत नाही. डिस्क झिजते, बोर्ड आणि एसएमपीएसमधले कपॅसिटर फुगतात. प्रोसेसरमध्ये झिजण्यासारखं फिरतं काही नसतं, नीट वापरलेला बरीच वर्षं चालतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास विचारलंत तर हे जुने प्रोसेसर मिळतात, आता ऑनलाइनही मिळतात. फक्त टोपणावर कोरलेला नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. 3470 आणि 3470टी यांत एका अक्षराचा फरक दिसतो, पण टी असलेल्यात चारऐवजी दोनच कोर असतात. शेवटी एस असेल तर कोर चारच, वेग जरा कमी. 3350पी सारख्या पी असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स चालत नाही, त्यामुळे वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच राहते. दुकानदाराला सांगून त्याच्याच बोर्डावर लावून बघा. डिस्प्ले आला आणि बायॉसमध्ये तोच नंबर दिसला की पैसे द्या.

बसवण्याचं काम अवघड नाही, पण शांतपणे करायचं आहे. वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेट आडवं ठेवा. पंख्याच्या चारही खुंट्या बाणाच्या दिशेने फिरवून मोकळ्या करा. प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सॉकेटची दांडी उचलली की आत बारीक सोनेरी पिनांची जाळी दिसते. तिला बोट लागू देऊ नका, कापडही नाही. एक पिन वाकली तरी कधी रॅमची एक जागा बंद पडते, कधी डिस्प्लेच येत नाही, आणि मग लोक रॅम बदलत बसतात. प्रोसेसरच्या कडेला दोन खाचा असतात. त्या जुळवून तो वरून सरळ खाली ठेवायचा, दाबायचा नाही, सरकवायचाही नाही. दांडी बंद करताना जोर लागतो आणि करकर आवाज येतो. पहिल्यांदा करणाऱ्याच्या छातीत धस्स होतं, पण तो आवाज येणारच. हरभऱ्याच्या डाळीएवढी नवी पेस्ट मध्यभागी ठेवा आणि पंखा बसवताना खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबा. प्रत्येक खुंटीचा 'कट्' ऐकू यायला हवा. चारही खुंट्यांची पांढरी टोकं बोर्डाच्या मागून बाहेर आली आहेत का, तेही बघा. एक जरी अर्धवट राहिली तर प्रोसेसर तापतो, आपोआप वेग कमी करतो, आणि "आय-फाइव्ह टाकूनही स्लोच" अशी तक्रार येते. 2400 घेणार असाल तर पेंटियमबरोबरचा बुटका ॲल्युमिनियमचा पंखा वापरू नका, 95 वॉटला पुरेल असाच घ्या. बोर्डावरचा सीआर2032 सेलही याच वेळी बदला. जुन्या पीसीत तारीख सारखी मागे जाते ती त्यामुळेच.

रॅम 8 जीबी केली, 4 च्या दोन पट्ट्या. डीडीआर3 ची 8 जीबीची फार स्वस्त पट्टी दिसली तर ती फक्त एएमडीच्या बोर्डावर चालणारी नाही ना, एवढं विचारून घ्या.

फरक पडला का? पडला, आणि काकांना आकडे दाखवावे लागले नाहीत. कोरल, फोटोशॉप आणि ब्राउझर एकत्र उघडे असताना माऊस अडकेनासा झाला, पीडीएफ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत व्हायला लागली. यूट्यूबही सुधारलं. यूट्यूब बरेचसे व्हिडिओ व्हीपी9 पद्धतीत पाठवतं. ते उलगडण्याची सोय या पिढीच्या ग्राफिक्समध्ये नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि दोन कोरची दमछाक होते. ज्यांना प्रोसेसर बदलायचाच नाही त्यांनी ब्राउझरमध्ये एच264इफाय हे एक्स्टेन्शन टाकून बघावं. त्याने व्हिडिओ एच264 मध्ये येतो आणि तो जुन्या ग्राफिक्सलाही झेपतो.

याच्या पाठोपाठ येणारा प्रश्न: मग आय-सेव्हनच का नको? 3770 त्याच बोर्डावर बसतो, चार कोर आणि आठ थ्रेड, म्हणजे प्रत्येक कोर एकदम दोन कामं हाताळतो. तुम्ही व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर जरूर घ्या. पण त्याचे पैसे आय-फाइव्हच्या दुप्पट मागतात, कधी त्याहूनही जास्त, आणि पत्रिका, टॅली, ऑनलाइन फॉर्म, मुलांचा अभ्यास यांत तो फरक हाताला जाणवत नाही. त्या पैशांत रॅम येते.

काही मशीनना मी सरळ नको म्हणतो. ॲटम डी525 किंवा सेलेरॉन जे1800 असलेल्या छोट्या बोर्डांवर हा विचारच सोडा, तिथे प्रोसेसर बोर्डाला डाग देऊन जोडलेला असतो, निघतच नाही. जी31 बोर्डवर कोअर टू क्वाड बसतो, पण त्या बोर्डाची धाव डीडीआर2 च्या 4 जीबी रॅमपर्यंतच. तिथे पैसे घालायला माझं मन होत नाही, एसएसडी टाका, ती उद्या दुसऱ्या पीसीतही लावता येईल. उलट तुमच्याकडे एएमडीचा एएम4 सॉकेटचा बोर्ड असेल, अगदी स्वस्तातला ए320 सुद्धा, तर तुम्ही नशीबवान आहात. अशा बऱ्याच बोर्डांवर बायॉस अपडेट करून दोन कोरच्या ॲथलॉन 200जीईच्या जागी सहा कोरचा रायझन 5 5600 चालतो. ग्राफिक्स कार्ड नसेल तर 5600जी घ्या, कारण साध्या 5600 मध्ये ग्राफिक्स नाही. आणि एएम4 मध्ये पिना प्रोसेसरला असतात. पंखा सरळ उपटलात तर वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरही त्याच्याबरोबर उचकटून येतो. पीसी थोडा वेळ चालवून गरम करा आणि पंखा हलकेच डावीउजवीकडे फिरवत सोडवा.

विंडोजचं मात्र आधीच ठरवा. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टला इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. 2400 किंवा 3470 त्यात बसत नाहीत. घरच्या वापरासाठी मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकून देतो. त्यात मराठी इन्स्क्रिप्ट टायपिंग होतं, ब्राउझर ताजा राहतो आणि चार कोरवर ते छान चालतं. काकांचं कोरल लिनक्सवर चालत नाही, म्हणून त्यांच्याकडे विंडोज 10 ठेवलं. बँकेचे व्यवहार त्या मशीनवर करायचे नाहीत, हे ठरवून घेतलं.

आणि काढलेला पेंटियम टाकून देऊ नका. 3470 आला त्याच डबीत काकांचा जी620 ठेवला होता. पुढे एका कॉलेजच्या मुलाने एच61 बोर्ड आणि तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर असे वेगवेगळे घेतले, बोर्डाचं बायॉस जुनं निघालं आणि डिस्प्लेच येईना. काकांचा जी620 लावला, डिस्प्ले आला, बायॉस अपडेट केलं, आणि त्याचा प्रोसेसर परत बसवून दिला.