एक ठिपका बाहेरच

मंगळवार, रात्री उशिरा

आमच्या प्रथिनाच्या संरचनेचं रिफाइनमेंट, म्हणजे प्रयोगाच्या मोजमापांशी जुळवत मॉडेल सुधारणं, आटोपलं एकदाचं. रामचंद्रन प्लॉट, म्हणजे साखळीतल्या प्रत्येक अमिनो आम्लापाशी असलेले कोन जमण्यासारखे आहेत का ते ठिपक्यांनी दाखवणारा आलेख, उघडला तर सगळे ठिपके आपापल्या जागी, एक सोडून. साखळीच्या एका वळणावरचं ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल नको तिथे जाऊन बसलंय. चांगल्या संरचनेत 98 टक्क्यांच्या वर ठिपके अनुकूल भागात असावेत अशी अपेक्षा असते, आमचे आहेत. पण विद्यार्थिनीचा जीव त्या एकात अडकलेला. "मॅडम, ओढून आत घेऊ का?" म्हटलं, आधी इलेक्ट्रॉन कुठे किती दाट आहेत ते दाखवणारा मॅप बघ. मॅप लख्ख होता. निळ्या जाळीत कार्बोनिलचा (कार्बन-ऑक्सिजन जोडीचा) फुगवटासुद्धा दिसत होता आणि शेजारच्या आर्जिनिनशी हायड्रोजन बंध. एन्झाइमच्या सक्रिय जागेजवळ असं अवघडून बसलेलं अमिनो आम्ल सापडतं कधीकधी. राहू दे म्हटलं.

मग तिला, ज्यांच्या नावाचा हा प्लॉट, त्या जी. एन. रामचंद्रनांची गोष्ट सांगत बसले. 1952 साली, जेमतेम तिशीचा माणूस मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचा विभागप्रमुख म्हणून येतो. कोलॅजेन हे त्वचा-हाडांतलं प्रथिन हाती घेतो, त्यासाठी कांगारूच्या शेपटीचे स्नायुबंध मिळवतो आणि 1954 मध्ये गोपीनाथ कर्तांबरोबर तीन साखळ्यांची रचना 'नेचर'मध्ये छापतो. दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिनच का, तर मध्यभागी त्याहून मोठं काही मावतच नाही! पण फ्रान्सिस क्रिक (डीएनएवाले) आणि अलेक्झांडर रिच या शास्त्रज्ञांनी खोट काढली: तुमच्या रचनेत काही अणू फारच खेटून आहेत. दुसरा कोणी चिडून उत्तर-प्रत्युत्तरात वर्षं घालवता. यांनी छापलेल्या स्फटिक-रचना धुंडाळून अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात तेच मोजायला घेतलं. त्यातून 1963 चा फाय-साय आलेख (फाय आणि साय हे साखळीचे दोन कोन; हाच तो रामचंद्रन प्लॉट) निघाला, शशिशेखरन आणि रामकृष्णन यांच्यासोबत. (हे रामकृष्णन वेगळे; रायबोसोमवाले, 2009 च्या नोबेलचे वेंकी रामकृष्णन नव्हेत. दर बॅचला सांगावं लागतं.) नोबेल मिळालं नाही याची हळहळ सगळे करतात. मला मात्र कोलॅजेनपेक्षा त्या आक्षेपाला दिलेलं उत्तरच मोठं वाटतं.

"पण आता अल्फाफोल्ड आहे ना?" हा तिचा खरा प्रश्न. म्हणजे प्रथिनाच्या रचनेचा अंदाज बांधणारी एआय प्रणाली असताना हा खटाटोप कशाला. आहे, आणि 2024 चं नोबेलही त्या कामाला मिळालंय. आमच्या या प्रथिनाचा फेजचा प्रश्नही (क्ष-किरणांच्या मोजमापात लाटांच्या फेजची माहिती हरवते, ती परत मिळवण्याचा) त्याच्याच मॉडेलने चुटकीसरशी सुटला. माझ्या पीएचडीत त्यासाठी सेलेनोमेथिओनिन (सेलेनियम असलेलं अमिनो आम्ल) घालून प्रथिन नव्याने बनवावं लागलं होतं. पण ते शिकलं कशावर? 1971 मध्ये सात संरचनांवर सुरू झालेल्या पीडीबीवर, म्हणजे प्रोटीन डेटा बँक या प्रथिन-संरचनांच्या जाहीर संग्रहावर. क्रिस्टल आले का म्हणून ट्रेमधले थेंब न्याहाळत आणि बीमटाइमला (क्ष-किरण यंत्रावर मिळालेल्या वेळेला) रात्री जागून लोकांनी भरलेली ती पेढी आहे.

तिची फेलोशिप संपत आलीय, पैसे नेहमीप्रमाणे रखडलेत आणि घरून 'आता नोकरीचं बघ' सुरू झालंय. विद्यापीठात कायमची जागा कधी निघेल ते सांगणं माझ्या हातात नाही, ते तिला स्पष्टच सांगितलं. पोस्टडॉकला जायचंच असेल तर क्रायो-ईएम (गोठवलेल्या नमुन्याची इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी, जिला क्रिस्टल लागत नाही) शिकायला मिळेल तिथे जा, म्हटलं. मोठी, लवचीक, पेशीच्या पटलात रुतलेली प्रथिनं क्रिस्टल द्यायला फार छळतात, आणि प्रश्न बरेचसे तिथेच उरलेत. क्रिस्टलसाठी रडणं तरी वाचेल. मायक्रोस्कोपसाठी रांग लावावी लागेल, ते वेगळं.