माज थांबवायचं इंजेक्शन: तुम्ही विचारलंत म्हणून

"डॉक्टर, एक इंजेक्शन देऊन टाका ना, कुत्री माजावरच यायला नको." दवाखान्यात हे सतत ऐकते. विचारणाऱ्यांचा त्रास खरा असतो: फरशीवर डाग, फाटकाशी गल्लीतले झाडून सगळे कुत्रे, सोसायटीची कुरकुर. तरी मी नाही म्हणते. मग पुढचा प्रश्न येतो, "बायकांना चालतं, मग हिला का नाही?"

औषध तेच आहे, हे खरं. सरकारी दवाखान्यात 'अंतरा' म्हणून गर्भ राहू नये यासाठी दर तीन महिन्यांनी देतात ते मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनचा कृत्रिम भाऊ. पण कुत्रीचं शरीर वेगळं. गर्भ राहिला नाही तर बाईचं प्रोजेस्टेरॉन दोनेक आठवड्यांत उतरतं आणि गर्भपिशवीचं अस्तर पाळीत गळून जातं. कुत्रीला पाळी नसतेच. माजातलं रक्त पाळीचं नव्हे. ती गाभण असो वा नसो, माजानंतर सुमारे दोन महिने तिचं प्रोजेस्टेरॉन चढलेलं राहतं. तेवढा काळ अस्तर जाड होत जातं, त्यातल्या ग्रंथी फुगतात, पिशवी आकुंचन पावत नाही. माजात पिशवीचं तोंड उघडं असताना आत शिरलेल्या जंतूंना, बहुतेकदा आतड्यातल्या ई. कोलायला, आयती जागा मिळते. पिशवीत पू होतो, त्याला आम्ही पायोमेट्रा म्हणतो. बाहेरून आणखी प्रोजेस्टेरॉन टोचणं म्हणजे हाच धोक्याचा काळ लांबवणं. सडांत गाठी होतात, त्या वेगळ्याच.

सुरुवातीच्या वर्षांत मीही ही इंजेक्शनं दिली आहेत. पाच वर्षांची एक पॉमेरियन, दोनदा. नंतर ती आली तेव्हा भांडंभर पाणी पिऊन उलटत होती, पोट तट्ट. पिशवीचं तोंड बंद. रात्रीच ऑपरेशन केलं, वाचली. मालकीणबाईंनी माझे हात धरून आभार मानले. दुखणं माझ्या सुईतून आलं होतं, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. आजही ते सलतं.

म्हणजे हार्मोनची औषधं वाईटच, असं नाही. अ‍ॅग्लेप्रिस्टोन हे पायोमेट्रावरचं इंजेक्शन प्रोजेस्टेरॉनची जागा अडवतं. किलोमागे 10 मिलिग्रॅम, पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या दिवशी. पिशवीचं तोंड आणखी उघडतं, पू वाहून जातो, जोडीला अँटिबायोटिक. कधी पिशवी आकुंचन पावावी म्हणून प्रोस्टाग्लँडिनही देतो. त्याने काही मिनिटांत धाप लागते, उलटी होते, म्हणून कुत्री तासभर नजरेसमोर ठेवते. पण हे सगळं वयाने लहान, तोंड उघडं असलेल्या आणि पिल्लं हवीच असलेल्या कुत्रीसाठी. पुढच्या माजानंतर पू परत होऊ शकतो. खोट्या गाभणपणात दूध उतरतं, त्यावर कॅबरगोलिन चांगलं चालतं.

पिल्लं नको असतील तर पिशवी आणि अंडाशय काढून टाका. माज संपून तीनेक महिने झाले की. तोवर माज संपल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. पुढचे दोन महिने पाण्याच्या भांड्याकडे लक्ष असू द्या. ती जास्त पाणी प्यायला लागली, खाणं सोडलं, शेपटीखाली सारखी चाटायला लागली, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री फोन करा.