फ्लॅट नंबर: म्हसोबा

आज बेंदूर. अकरा वाजून गेलेत, पोटात चार पोळ्या आहेत तरी झोप नाही. कारण सांगितलं तर कुणीपण हसेल. मला आज गेटवर रजिस्टरात नाव लिहायला लावलं. बस्स, एवढंच झालंय.

संध्याकाळी आईनं ताटलीत निवद झाकून दिला, नारळ दिला, म्हणाली दाखवून ये जा. दरवर्षी दादा जायचा, पण दादाचं आता... ते आज नको. तर मी गाडी काढून गेलो माळावर. माळ म्हणायची सवय आहे म्हणून म्हणायचं, तिथं आता सात मजल्याच्या दोन बिल्डिंगा आहेत, खाली पार्किंग आणि पार्किंगच्या कोपऱ्यात आमचा म्हसोबा. बिल्डरनं बांध काढला, बाभळ काढली, विहीर बुजवली, पण ह्या दगडाला हात लावायला त्याची छाती झाली नाही. उलट भोवतीनं पांढऱ्या टाइल्स मारून दिल्या, वर एक एलईडी लावला. एका बाजूला कुणाचीतरी ॲक्टिव्हा, दुसऱ्या बाजूला बारक्या पोराची सायकल, मधी शेंदूर फासलेला देव.

गेटवर वॉचमन मामा म्हणाले, सर एन्ट्री करा. पेन सुतळीनं टेबलाला बांधलेलं. नाव, मोबाईल, गाडी नंबर सगळं लिहिलं आणि फ्लॅट नंबरच्या रकान्यापाशी अडलो.

"कुणाकडं आलाय?"

"म्हसोबाकडं."

मामा अजिबात हसले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "मग तेच लिवा. रकाना मोकळा सोडायचा न्हाई, सेक्रेटरी वरडतोय."

लिहिलं. वरच्या ओळीत आरओ सर्व्हिसवाला, त्याच्या वर टँकर, त्याच्या वर परत टँकर, आणि त्यांच्या खाली मी, काम काय तर निवद.

आता ह्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? तो माणूस त्याचं काम करत होता. पण मला तिथं उभ्या उभ्या असलं काहीतरी झालं की ताटली हातातनं पडती काय वाटलं. ह्याच गेटच्या जागेवर आबा सायकल टेकवायचे, म्हणजे साधारण इथंच, आता अंदाजानंच सांगायचं कारण खूण म्हणून एक झाड राहिलेलं नाही. आबा असते तर त्यांनापण लिहायला लावलं असतं का, आणि आबांनी लिहिलं असतं का, का नुसता अंगठा... जाऊ दे.

गंमत अशी की ह्या माळाला कुणी विचारत नव्हतं. पाचगावच्या बाजूचं हे सगळं मुरमाड रान, पाऊस पडला तर भुईमूग, नाहीतर कुसळं. पूर्वी इकडं पोरगी द्यायला लोक दहादा विचार करायचे, डोक्यावरनं पाणी आणायला लागतंय म्हणून. आत्या दिली प्रयाग चिखलीकडं, नदीकाठची गाळाची जमीन, उसाला उभ्या उभ्या पाणी, आणि ती माहेरी आली की आबांना चिडवायची, दादा तुझ्या माळात नुसतं वारं पिकतंय म्हणून. आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा 43 फुटाची धोका पातळी ओलांडून किती वर गेली ते सगळ्या कोल्हापूरला माहीत आहे, हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही, आणि आत्या दोन म्हशी घेऊन आमच्या दारात. परत 2021 ला तेच. तेव्हापासून जो तो विचारायला लागला, माळावर काय रेट चाललाय? म्हणजे ज्या पाणी नसण्यापायी आबांनी आयुष्यभर बोलणी खाल्ली त्याच पाणी नसण्याला भाव आला. आणि आता त्या बिल्डिंगांना पाणी पुरत नाही म्हणून रोज टँकर. त्याची एन्ट्री बघितलीच मी आज.

आबा गेल्यावर विकलं. आम्हीच विकलं, कुणी बंदूक लावली नव्हती. गुंठा म्हणजे 33 बाय 33, 1089 स्क्वेअर फूट, हे मला त्या व्यवहारातच पाठ झालं. टूबीएचके साधारण तेवढाच असतो म्हणे, म्हणजे आबा ज्या गुंठ्यात भुईमुगाचे वेल उपटायचे तिथं आता सात कुटुंबं एकमेकांच्या डोक्यावर जेवतात. त्या पैशात वरचा मजला चढला, मुलीची फी भागली, आणि ज्या गाडीचा नंबर मी रजिस्टरात लिहिला ती गाडीपण त्याच माळाची. हे मला घरी येताना सिग्नलला सुचलं आणि एकट्यालाच हसू आलं.

खरं सांगायचं तर मी कुठला शेतकरी. भुईमूग काढायला वर्षातनं दोन दिवस जायचो तेपण कुरकुर करत, नखात माती जाती म्हणून. हद्दवाढीचा विषय निघाला की मात्र गाव बंदला मी पुढं, घरफाळा वाढेल, शेती जाईल, आमचं गाव गावच राहू दे! महापालिका झाली 1972 ला, तेव्हापासून हद्दवाढ पेपरातच जास्त वाढली. मग 2017 ला 42 गावांचं प्राधिकरण काढलं, आम्ही धड गाव नाही धड शहर नाही. आणि शेती जाईल म्हणून ओरडणाऱ्या आमच्यातल्या निम्म्यांनी ती आधीच गुंठ्यांनी विकलेली, मी धरून.

तरी ते रजिस्टर डोक्यातनं जात नाही. सही करताना हात थरथरला नाही वगैरे, उलट खरेदीपत्रावर करतो तशीच ऐटबाज सही केली. तेच जास्त लागलं बहुतेक.

निवद दाखवला. नारळ फोडायला गेलो तर भिंतीवर बोर्ड, पार्किंगमध्ये नारळ फोडू नये. टाइल्स फुटतात म्हणे. मग बाहेर येऊन गटारीच्या काठाला दगडावर फोडला, अर्धं पाणी पँटवर. मामा आले, म्हणाले द्या हिकडं, आणि करवंटीतलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. गगनबावड्याकडचे आहेत. त्यांच्या रानातपण म्हसोबा आहे पण निवद दाखवायला घरात कुणी नाही, पोरं सगळी इकडं एमआयडीसीत. मी एक भकल त्यांना दिली आणि ताटलीतली एक पोळी. त्यांनी पोळी कपाळाला लावली, रजिस्टरावर ठेवली, आणि म्हणाले, "सर, आऊट टाईम टाका तेवढा."

टाकला. सात वीस.

घरी आल्यावर आईनं विचारलं, आत सोडलं का रे? सोडलं की म्हटलं. विकल्यापासनं ती एकदाही तिकडं गेलेली नाही, आणि का जात नाहीस असं मीपण कधी विचारलेलं नाही. तिनं उरलेली भकल घेतली, उद्या चटणी करते म्हणाली, आणि मग पँट कशानं भिजली म्हणून अर्धा तास बोलली.