तुम्ही विचारलंत म्हणून : एवढ्याशा जिवाला प्रवासात का नेता?

“एवढ्याशा जिवाला कशाला फरफटत नेता? कोणाकडे तरी ठेवा की!” पिशवीतून डोकावणारी माझी चिवावा जातीची इवलीशी कुत्री दिसली की हे ऐकावे लागतेच, आणि इतकी वर्षे मी हसून वेळ मारून नेली आहे.

ती दोन किलोंचीही नाही. या जातीच्या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असल्यामुळे पट्टा गळ्याला न बांधता छातीवरून घालावा लागतो, थंडी लवकर बाधते आणि सोफ्यावरून मारलेली उडीसुद्धा पाय मोडायला पुरते. हे मला आधीपासून ठाऊक होते. जे ठाऊक नव्हते, त्यापायी मी तिला गमावून बसले असते.

ती तीन महिन्यांची असताना आम्ही मोटारीने सहा तासांच्या प्रवासाला निघालो होतो. आधीच्या प्रवासात ती ओकली होती, म्हणून मी तिला सकाळपासून उपाशी ठेवले. प्रवासाआधी कुत्र्याला खायला घालू नये, हा सल्ला मोठ्या कुत्र्यांपुरता ठीक आहे. पण एवढ्या लहान पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा इतका तुटपुंजा असतो, की काही तासांच्या उपासानेही रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली घसरू शकते. चौथ्या तासाला तिची कुरकुर थांबली. शहाण्यासारखी झोपली, असे मला वाटले आणि, खरे सांगते, हायसेही वाटले. पाणी पाजायला बाहेर काढले तेव्हा तिची मान लवंडत होती, हिरड्या पांढरट पडल्या होत्या आणि पुढचे पाय पोहल्यासारखे हवेत हलत होते. पशुवैद्यांनी फोनवर पहिला प्रश्न केला, “शेवटचे कधी खाल्ले?” घशात काही ओतू नका, साखरेचे दाट पाणी हिरड्यांना चोळा आणि तडक दवाखाना गाठा, असे त्यांनी बजावले. चहासाठी बरोबर घेतलेली साखर मी थर्मासच्या झाकणात कालवली. माझ्या एका बोटाने तिचे तोंड भरून जात होते. दवाखान्याच्या वाटेवर केव्हातरी तिने ते बोट चाटले.

त्यानंतर वर्षभर मी तिला कुठेही नेले नाही. तुमचाच प्रश्न मी स्वतःला ऐकवत होते. मग एकदा तिला ओळखीच्यांकडे ठेवले, तर तिने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही. मोठेपणी हा धोका कमी होतो, हे मला पशुवैद्यांनी समजावले होते, तरी उपास म्हटले की मला ती लवंडलेली मान दिसते. आता पिशवी मागच्या सीटला पट्ट्याने बांधलेली असते, दर तीन तासांनी थांबून चमचाभर खाणे होते, आणि गुंगीचे औषध मी कोणी कितीही सुचवले तरी देत नाही. एवढे करूनही हे तिच्यासाठी चालले आहे की माझ्या मनाच्या समाधानासाठी, याचा निवाडा मला करता आलेला नाही. पिशवी काढली की कधी ती आपण होऊन आत शिरते. कधी पलंगाखाली जाऊन बसते, आणि मला पालथे पडून तिला बाहेर काढावे लागते.